झडतीचं संत्रं

आमच्या साहेबाला माणसाचा चेहरा वाचता येत नव्हता, म्हणून तो आमचे संगणक वाचायचा. समोर आम्ही त्याला 'साहेब, तुम्ही' म्हणायचो आणि पाठीमागे 'तो'. आता मी हे त्याच्या पाठीमागेच लिहितो आहे, तेव्हा 'तो'च बरा.

अकोल्यात बियाण्यांच्या एका कंपनीचं कार्यालय होतं. चार संगणक, एक प्रिंटर, एक कूलर आणि आम्ही. वऱ्हाडाचं नाव दिल्लीच्या वर्तमानपत्रांत रोज छापून यायला लागलं होतं, ती वर्षं. कॅमेरे घेतलेली माणसं गाड्यांतून खेड्यापाड्यांत फिरायची. आमच्या कार्यालयात कुणी येत नसे. आम्ही फक्त बियाणं विकत होतो.

साहेब वरूडकडचा. अमरावतीच्या शाखेतून आमच्याकडे बदलून आला तेव्हा त्याच्या सामानात एक लोखंडी पेटी, एक टेबलफॅन आणि एक सवय होती. सवय झडतीची. तरुणपणी तो कापसाच्या एका जिनिंगच्या फाटकावर नोकरीला होता. संध्याकाळी सुट्टी झाली की बाहेर पडणाऱ्या बायांचे जेवणाचे डबे उघडून त्यात सरकी आहे का, हे पाहणं त्याचं काम. अकरा वर्षांत एकदाही सरकी सापडली नाही, असं तो स्वतःच सांगायचा, आणि वर म्हणायचा, "सापडली नाही कावून? मी पाहत होतो म्हनून!" 

डबे गेले आणि संगणक आले, एवढाच त्याच्या आयुष्यातला बदल. शनिवारी अकरा वाजता तो एकेकाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचा. "काढ," म्हणायचा. म्हणजे उघड. संगणकातलं त्याला फारसं कळत नव्हतं. उंदरावर दोन बोटं ठेवून तो एकदम दोन्ही बटणं दाबायचा आणि काही झालं नाही की आमच्याकडे संशयानं बघायचा. पण पडद्याच्या कोपऱ्यातली कचरापेटी मात्र त्याला कुणीतरी शिकवून ठेवली होती. तो थेट तिच्यातच हात घालायचा. "माणूस काय ठिवते ते पाहू नये," तो सांगायचा, "काय फेकते ते पाहावं."

झडती संपली की खिशातून एक संत्रं काढून टेबलावर ठेवायचा. त्याच्या स्वतःच्या बागेतलं. "राग मानू नको. ड्यूटी हाय." संत्र्यांचा हंगाम नसला की संत्र्याची गोळी. झडती नाही तर संत्रं नाही, हा नियम त्यानं कधी मोडला नाही. वानखडे म्हणून आमचा फिरतीवरचा माणूस होता, दिवसभर फटफटीवर गावोगाव हिंडणारा. त्याच्या संगणकात सहसा काही नसायचंच, कारण त्याला तो चालू करता येत नव्हता. पण संत्र्यासाठी तो शनिवारी न चुकता हजर राहायचा.

कुणी कुरकुर केली की साहेबाचं एक ठरलेलं वाक्य होतं. "लपवाचं काही नसन तं दाखवाले काय जाते?" हे वाक्य तो इतक्या समाधानानं म्हणायचा, की आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही याचीच आपल्याला लाज वाटावी.

माझ्याकडे होतं. कविता. दुपारच्या सुट्टीत मी उन्हावर एक कविता लिहिली होती. ती वाईट होती, म्हणून मी ती फेकली. आणि फेकली म्हणूनच ती सापडली. त्यानं ती मोठ्यानं वाचली, शनिवारच्या मीटिंगमध्ये, प्रत्येक ओळीनंतर थांबून.

"ऊन तं बाहेर फुकटात हाय. त्याच्यावर कविता कायले पाह्यजे बे?"

"अशीच लिहिली साहेब."

"आन् हे 'तू' कोन हाय यातलं?"

"कोणी नाही."

"नाव नाही, गाव नाही. पोचन कशी तिले?"

वानखडे खुर्चीवरून पडायचा राहिला. मला संत्रं मिळालं. त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो: रोज घरी जाताना कचरापेटी रिकामी करायची. कविता लिहिणं काही मी सोडलं नाही. ते सोडलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

नसरीनची गोष्ट इतकी हसण्यासारखी नव्हती. नसरीन आमची टंकलेखिका. कार्यालयातला एकुलता प्रिंटर तिच्या संगणकाला जोडलेला, म्हणून सगळ्यांचं छपाईचं काम तिच्याकडे. तिच्या वडिलांचं ताजनापेठेत शिवणकामाचं दुकान होतं. त्यांना डोळ्यांनी सुईचं नाकं दिसेनासं झालं होतं आणि घर तिच्या पगारावर आलं होतं. ती मराठी आमच्यासारखंच बोलायची आणि चिडली की हिंदीत जायची. तिनं जेवणाच्या सुट्टीत एका उर्दू शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज टाइप केला होता. त्यात तिनं घरची सगळी परिस्थिती लिहिली होती. अब्बांचे डोळे, धाकट्या बहिणी, सगळं.

साहेबानं तो अर्जही मोठ्यानं वाचला. डोळ्यांच्या ओळीवर आला तेव्हा वानखडेनं मान खाली घातली. साहेबाची मान वरच होती.

"कंपनीच्या मशीनवर कंपनी सोडाचा अर्ज? मशीन कोनाची? कंपनीची. मंग त्यातलं सगळं कंपनीचं."

नसरीन उभी राहिली. "खुर्ची बी कंपनीचीच हाय साहेब. मंग तिच्यावर बसनारी बी कंपनीची झाली काय?"

 अडला की साहेब संत्रं काढायचा. ते त्यानं तिच्या टेबलावर ठेवलं. तिनं ते उचलून त्याच्या टेबलावर परत ठेवलं. त्यानंतर तिनं त्याचं संत्रं कधी घेतलं नाही, आणि त्यानं द्यायचं सोडलं नाही. दर शनिवारी तिच्या टेबलावर एक संत्रं यायचं आणि पाच मिनिटांनी परत जायचं.

त्याचा स्वतःचा संगणक मात्र फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेला असायचा आणि कापडाला नाडी बांधलेली असायची. त्याची झडती कोण घेणार? एकदा प्रिंटरमध्ये अर्धा कागद अडकला तो मी ओढून काढला. साहेबाच्या मुलीचा बायोडाटा होता, स्थळांना पाठवायचा. उंची, रंग, शिक्षण, आणि खाली एक ओळ: 'पहिला विवाह चार महिन्यांत मोडला.' मी ती ओळ वाचत असताना नसरीन आली. तिनं माझ्या हातातून कागद घेतला, त्याची घडी केली.

"साहेबानं टाइप कराले देल्लं?" मी विचारलं. "तुझा अर्ज त्यानं सगळ्यांपुढे वाचला, आणि तू..."

"भाऊ, हे तुमचं नाही," ती म्हणाली आणि कागद पर्समध्ये टाकून जेवायला गेली.

मी तिच्या जागी असतो तर तो कागद वानखडेला दाखवला असता. खोटं कशाला सांगू?

दसऱ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खंडेनवमीला आमच्याकडे संगणकांची पूजा व्हायची. पडद्यांना झेंडूचे हार, खालच्या डब्यांना हळदकुंकू. कुणाचा कुंकवाचा ठिपका बटणावर पडायचा आणि ते बटण दिवाळीपर्यंत चिकटायचं. त्या वर्षी साहेबाला एक युक्ती सुचली. प्रत्येकानं आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी सुपारीखाली ठेवायची, पूजा झाल्यावर साहेब ती रजिस्टरात उतरवणार. "देवापुढं ठिवलेला पासवर्ड वर्षभर बदलवाचा नाही. बदलवला तं ज्याचं तो पाहून घेईन."

"साहेब, हे ठिवनं माह्या अल्लापुढं तं नाही ना," नसरीन म्हणाली.

"कंपनी तं एकच हाय ना बाई! ठिव."

तिनं ठेवला. आम्ही सगळ्यांनी ठेवला. आणि सांगायची गोष्ट म्हणजे वर्षभर कुणीही बदलला नाही. साहेबाला भिऊन नाही, सुपारीला भिऊन. मी कवी माणूस, देवाबद्दल चार पुरोगामी ओळी लिहिलेला, तरी मी बदलला नाही. साहेबानं रजिस्टर घेतलं, पहिल्या पानावर 'श्री' काढलं आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सर्व संगणकांच्या चाव्या माझ्या ताब्यात आहेत. या कार्यालयात माझ्या नजरेबाहेर काही होत नाही.' खाली सही. हे रजिस्टर तो ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवायचा आणि किल्ली कूलरशेजारच्या खिळ्याला टांगायचा, कारण किल्ली हरवण्याची त्याला फार भीती.

पुढच्या मृगात सोयाबीन उगवलं नाही. सगळीकडे नाही; पण आमच्या पिशव्यांतलं बऱ्याच गावांत नाही. आसपासच्या तालुक्यांतून वानखडे फटफटीवर तक्रारी घेऊन यायचा आणि कागद टेबलावर आपटायचा. "मातीत हात घालून पाह्यलं मी," तो म्हणायचा. "दाना तसाच हाय. फुगला बी नाही."

त्या तक्रारींची यादी करणं माझं काम होतं. गाव, शेतकऱ्याचं नाव, पिशवीवरचा क्रमांक. पुण्याच्या मुख्य कचेरीत जायच्या यादीत मात्र एक रकाना जास्त असायचा, 'कारण'. तो साहेब भरायचा. त्याच्याकडे पाच कारणं होती: पेरणी खोल, पेरणी वरवर, पाणी कमी, पाणी जास्त, आणि शेतकऱ्याचा निष्काळजीपणा. एकाच बांधाच्या अलीकडे त्यानं 'पाणी कमी' लिहिलं आणि पलीकडे 'पाणी जास्त'. मी दाखवलं तर म्हणाला, "ढग कोनाचं आयकते काय?"

बियाणं खराब होतं हे सगळ्यांना माहीत होतं. पेरणी दुसऱ्यांदा करायला अजून आठ-दहा दिवस होते. तेवढ्यात लोकांना कळलं तर त्यांना निदान दुसरीकडून बियाणं घेता आलं असतं. मी मूळ यादी, कारणांच्या रकान्याशिवाय, छापून एका वर्तमानपत्राच्या कचेरीत द्यायचं ठरवलं. मी हे लोकांसाठी केलं, असं सांगायला मला आवडलं असतं. अर्धं त्यांच्यासाठीच केलं. उरलेलं अर्धं त्या उन्हाच्या कवितेसाठी.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत नसरीन मागच्या व्हरांड्यात डबा घेऊन गेली. खिळ्यावरची किल्ली काढायचीही मला गरज नव्हती. तिच्या पासवर्डची चिठ्ठी मी पूजेच्या दिवशीच पाहिली होती. मी तिच्या खुर्चीत बसलो, यादी तिच्या संगणकात घेतली, छापली, मग पुसली. आता कचरापेटी रिकामी करायची, एवढंच राहिलं होतं, आणि लाइट गेली. ती रोजच त्या सुमारास जायची. आमच्याकडे भारनियमनाचं वेळापत्रकच भिंतीवर लावलेलं होतं. घाईत मी ते वेळापत्रकच विसरलो. कागद शर्टाखाली घालून उठतो आहे तोच नसरीन दारात उभी.

"काय करून राहिले भाऊ?"

"काही नाही. प्रिंटर पाहत होतो."

तिनं प्रिंटरकडे पाहिलं, माझ्या शर्टाकडे पाहिलं. मग डबा धुवायला गेली. तिला अर्धा दिवस सुट्टी होती, आणि लाइट संध्याकाळपर्यंत आली नाही. दुसऱ्या दिवशी साहेब पुण्याच्या याद्या छापून घ्यायला सकाळपासून प्रिंटरजवळच खुर्ची टाकून बसला होता, त्यामुळे मला तिच्या कचरापेटीपर्यंत पोचता आलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी यादी छापून आली.

त्या सकाळी साहेब पेपर हातात घेऊन दारातच उभा होता. गावांची नावं, पिशव्यांचे क्रमांक, सगळं. कंपनीनं घाईघाईनं काही गावांत बियाणं बदलून दिलं आणि तपास होईपर्यंत संगणकांना कुणी हात लावू नये असं कळवलं. आणि आठवड्याभरात पुण्याहून एक अधिकारी आले. तरुण, हळू बोलणारे. दोन्ही बटणं एकदम न दाबणारे. त्यांनी आमचे चारही संगणक तासभर पाहिले आणि यादी नसरीनच्या कचरापेटीत सापडली. तारीख आणि वेळेसकट.

"मी पयलेच म्हनत होतो!" साहेब जवळजवळ नाचलाच. "ह्या पोट्टीले कंपनी सोडाचीच होती. अर्ज हाय माह्याजवळ! पुरावा हाय!" आणि खरंच, तिच्या त्या अर्जाची छापील प्रत त्यानं फायलीत लावून ठेवली होती. ती त्यानं अधिकाऱ्यांपुढे टाकली. अब्बांचे डोळे दुसऱ्यांदा टेबलावर आले.

शाळेची मुलाखत पुढच्या महिन्यात होती. माहिती चोरली म्हणून काढून टाकल्याचं पत्र हातात पडलं असतं तर त्या शाळेनं काय, कुठल्याही शाळेनं तिला दारात उभं केलं नसतं. हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

"त्या वेळी तुम्ही कुठे होता?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"व्हरांड्यात. जेवत होती."

"कुणी पाहिलं?"

"नाही."

"हा संगणक तुमचा. याचा पासवर्ड तुमचा. बरोबर?"

"नाही सर," नसरीन म्हणाली. "संगणक कंपनीचा हाय, हे साहेबानंच मले शिकवलं. आन् पासवर्ड देवाचा हाय."

अधिकाऱ्यांना वाटलं ती थट्टा करते आहे. तिनं मग दसऱ्याची हकीकत सांगितली, शांतपणे, सुपारीसकट. ते साहेबाकडे वळले. "रजिस्टर आहे?"

"हाय ना," साहेब अभिमानानं म्हणाला. "एकदम सुरक्षित. ड्रॉवरात, कुलपात."

"किल्ली?"

साहेबानं कूलरशेजारच्या खिळ्याकडे पाहिलं. मग आम्ही सगळ्यांनी पाहिलं. किल्ली कूलरच्या वाऱ्यानं हळूहळू हलत होती.

अधिकाऱ्यांनी रजिस्टर उघडलं. पहिल्या पानावर हळदीचे डाग पडले होते. त्यांनी ते पान सावकाश, मोठ्यानं वाचलं: "'या कार्यालयात माझ्या नजरेबाहेर काही होत नाही.' सही तुमचीच ना? म्हणजे ही यादीसुद्धा तुमच्या नजरेखालूनच गेली म्हणायची." आपलं लिहिलेलं सगळ्यांपुढे वाचलं जातं तेव्हा कसं वाटतं, ते साहेबाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. त्याचा हात खिशाकडे गेला. ऑगस्ट होता, संत्री नव्हती. गोळीही नव्हती.

मग अधिकाऱ्यांनी आमच्याकडे पाहून विचारलं, "कुणाला काही सांगायचं आहे?"

नसरीननं माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. मी पंख्याकडे पाहत होतो. पंखा बंद होता. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते, पण तेव्हा वाटलेली सुटका त्याहून मोठी होती.

नसरीनवर ठपका ठेवता आला नाही. साहेबाला दिवाळीच्या आधी नोकरी सोडून जायचं पत्र आलं. त्यानं आरडाओरड केली नाही. दोन महिने तो रोज वेळेवर येत राहिला, फक्त झडती बंद झाली. शनिवारी अकरा वाजले की त्याला काय करावं कळायचं नाही. तो उठायचा, कूलरपर्यंत जायचा आणि परत येऊन बसायचा. मला त्याची कीव आली असं मी म्हणणार नाही. मजा वाटत होती.

शेवटच्या दिवशी तो पिशवीभर संत्री घेऊन आला. आंबिया बहाराची, अजून साल हिरवी असलेली. वानखडेला एक दिलं. मग नसरीनपुढे उभा राहिला.

"झडती तं घेतली नाही साहेब," ती म्हणाली. "मंग संत्रं कायचं?"

"तुही झडती दोनदा जास्तीची झाली," तो म्हणाला, आणि संत्रं ठेवून पुढे आला. या वेळी ते परत गेलं नाही. तोपर्यंत तिची शाळेतली मुलाखत चांगली झाली होती.

माझ्याजवळ येऊन त्यानं खुर्ची ओढली. "काढ," म्हणाला.

आता त्याला काय अधिकार होता? पण मी काढलं. सवयीनं. त्यानं उंदरावर दोन बोटं ठेवली आणि कचरापेटी उघडली. रिकामी. त्यानं ती बंद करून पुन्हा उघडली.

"तुह्या कवितेले दीड वर्ष झालं," तो हळूच म्हणाला. "सगळ्याइच्या पेटीत काही ना काही सापडलं. वानखडेच्या बी पेटीत एकदा कोनाचातरी क्रिकेटचा फोटो निंगाला. तुही तेवढी रोज साफ. मले वाटे, पोट्टं लय नीटनेटकं हाय." त्यानं माझ्याकडे पाहिलं. चेहरा वाचता येत नाही असं मी म्हणायचो, तो माणूस. "लपवाचं काही नसन तं रोज पुसाले कायले पाह्यजे बे?"

 तो उठला. जिनिंगची अकरा वर्षं धरून त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा सरकी सापडली होती, आणि त्यानं ती कुणालाही दाखवली नाही. पिशवीत अजून संत्री होती. त्यानं पिशवी उचलली आणि मला संत्रं न देता निघून गेला. झडती घेऊन संत्रं न देण्याची ती एकच वेळ.

वानखडेला काही कळलं नाही. नसरीनला कळलं. तिनं तिचं संत्रं सोललं, त्याचे दोन भाग केले आणि एक माझ्या कीबोर्डवर आणून ठेवला.

"घ्या भाऊ."

"नसरीन, तू त्या दिवशी माझं नाव का नाही..."

"माह्या पेटीत सापडलं त्याचं मी सांगतलं," ती म्हणाली. "तुमच्या पेटीत मी कायले हात घालू? ते सांगाचं काम तुमचं होतं."

ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि माझ्याकडे पाहत राहिली, खातो की नाही म्हणून. मी एक फोड तोंडात टाकली. जीभ आंबून जावी इतकी आंबट होती, पण तोंड वाकडं करायची सोय नव्हती.